हेडसर, हलगी आणि आमची पळणारी वाफ

शाळेत बाई म्हणून नोकरी केली की किस्से शोधायला जावं लागत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला की भाजीच्या आधी किस्साच बाहेर पडतो! तासगावजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, त्यामुळे माझ्याकडे तर ढीगच साचलाय. त्यातले हे काही.

सातवीला विचारलं, "वाफ म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात, "पाण्याचे वायुरूप म्हणजे वाफ!" मी खूश. म्हटलं, "आणि त्यातले रेणू काय करतात रे?"

सगळे पुस्तकाची पानं चाळायला लागले. शेवटी एकाने हात वर केला.

"बाई, परीक्षेत येत्यात."

त्याच दिवशी मी पुस्तक मिटलं आणि वर्ग मैदानात नेला. प्रत्येक पोर एक रेणू. बर्फ असेल तर चौकोनात दाटीनं उभं राहायचं. पाणी झालं की एकमेकांना न सोडता सरकायचं. वाफ झाली की जिकडे वाट मिळेल तिकडे सुटायचं. आता तापवायचं कशाने? तर आमचे शिपाई मारुतीमामा जत्रेत हलगी वाजवतात. संथ ठेका म्हणजे थंड, जलद म्हणजे गरम. झाली आमची शेगडी तयार!

*

बर्फाची जबाबदारी शिंदे सरांकडे दिली. सर फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता पीटी घेतात. त्यांनी "सावधान!" म्हणताच पोरं खांबासारखी ताठ.

मी म्हटलं, "सर, बर्फातले रेणू पण जागच्या जागी थरथरतात."

"आवं बाई, माझ्या पलटणीत सावधानमधी नाकावर माशी बसली तरी कोन हललं न्हाई!"

"पण सर, थरथरतात हो. फक्त जागा सोडत नाहीत."

सर माझ्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे बर्फातल्या चौकीवर आमी हुतो तसं? दात वाजायचं थांबत न्हवतं, पर चौकी सोडली न्हाई."

"अगदी तसंच!"

"मग हे आदी न्हाई का सांगायचं?" असं म्हणून ते पोरांकडे वळले. "पलटन, थरथर!"

*

वाळणं आणि उकळणं यातला फरक मी दोन तास समजावत होते. बेदाण्याच्या शेडवाल्यांची रूपाली कंटाळून उठली.

"बाई, आमच्या शेडात द्राक्षं कोन उकळत न्हाई, तरी त्यातलं पानी जातंयच की."

"कसं जातं सांग."

"कडंला जे लय चुळबुळ करतंय ते सटकतंय. हेडसरांचं भाषण चालू असताना मागच्या वळीतली पोरं जात्यात, तसं."

हेडसर नेमके दारात उभे होते. मी तिला पूर्ण मार्क दिले.

*

आता खरी भानगड. आमची वाफ सुटायची झकास, पण परत यायची नाही. काही रेणू नळावर, काही घरी! एकदा शेजारचे बागायतदार दोन रेणूंचे दंड धरून फाटकात हजर.

"आवं बाई, तुमची वाफ माझ्या बागंत शिरली हुती. घडच्या घड खाल्ले की!"

हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. "तपासणीला साहेब येतायत. त्यांच्यासमोर सगळी वाफ पाणी होऊन परत आली, तर खेळ राहील. एक जरी रेणू कमी पडला, तर दुसऱ्या दिवसापासून खडू आणि फळा."

मला रडूच येणार होतं. या खेळाने माझी पोरं पहिल्यांदा विज्ञानाच्या तासाची वाट बघायला लागली होती. बाहेर मामा हलगीवर ठेका बसवत होते. मान खाली घालून ऐकताना मला दिसलं, टेबलाखाली हेडसरांचा पाय ताल धरत होता.

*

तपासणीच्या दिवशी एक रेणू घरीच तापाने फणफणलेला. साहेब म्हणाले, "चौकोनाचा कोपरा मोकळा का?" हेडसर शाळेची अब्रू राखायला स्वतःच कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, काखेत फाइल घेऊन.

मामांनी संथ ठेका धरला. बर्फ थरथरला. हेडसरही थरथरले, पण बेतानं. ठेका वाढला, पाणी झालं. हेडसरांनी फाइल माझ्या हातात दिली. मग मामांनी हलगी अशी काही कडाडवली की अख्खं मैदान वाफेनं भरलं.

मी खूण केली. ठेका मंदावला. आणि काय सांगू, एकेक पोर परत यायला लागलं! नळावरची आली, द्राक्षबागेत शिरणारे दोघेही हात हलवत आले. सगळी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. माझा ऊर भरून आला.

साहेबांनी बोट फिरवत मोजलं. पुन्हा मोजलं.

"बाई, एक रेणू कमी आहे."

मीही मोजायला लागले. तेवढ्यात मैदानाच्या पार टोकाला, चिंचेखालून, लेझमीची पावलं टाकत हेडसर ओरडले, "मारुती, गार कशाला करतोयस रं? वाढव जाळ!"