दादाच्या पोस्टरवर एकच वस्तू

दादा जाऊन महिना झाला. भेटायला येणारी माणसं दोन मिनिटं रडतात आणि मग म्हणतात, "तुला त्यो किस्सा म्हाईत हाय का?" मला सगळे माहीत आहेत! मलकापुरातल्या दुकानात मीच तर त्याच्या हाताखाली होतो. गावाकडं सिनेमा काढणारा प्रत्येक जण पोस्टरला दादाकडंच यायचा.

दादाचा नियम एकच. "सगळी गोष्ट सांगायची न्हाई. एकच वस्तू ठेवायची. बाकीचं बघणारा बघतो."

*

भुताच्या सिनेमाला दादाने रिकामा झोपाळा रंगवला. हायवेला बोर्ड लागला. दुसऱ्याच दिवशी एक जोडपं दुकानात हजर!

"झोपाळा सागवानी हाय का?"

दादा म्हणाला, "व्हय. पण आधीच कोणतरी बसलंय त्याच्यावर."

*

एका रिटायर्ड सुभेदारांनी फौजीवर सिनेमा काढला. दादाने उंबऱ्यातली काळी ट्रंक रंगवली, तिच्यावर लहान पोराचा हात. सुभेदारांचे डोळे भरले. त्यांनी जोरात नाक शिंकरलं.

"लय भारी. पण बंदूक कुठाय?"

"ट्रंकेत."

"आरं गड्या, कोर्ट मार्शल करतील माझं!"

*

एकदा दादा जेवायला गेला. पोस्टरवर अर्धं आभाळ मोकळंच होतं. मला वाटलं, राहिलंय! नववी नापास माणूस मी, विचारतोय कशाला? झकास हेलिकॉप्टर काढलं.

दादा आला आणि कपाळावर हात मारला. "आरं, दुष्काळाची गोष्ट हाय ही! मोकळं आभाळच हिरो हुता!"

तेवढ्यात प्रोड्युसर आले. "वा! हेलिकॉप्टर सिनेमात न्हाई, पण टाकू की!"

*

दादाजवळ कायम दोन ग्लास असायचे. एक चहाचा, एक ब्रश धुवायचा. ब्रश हमखास चहात! समोरच्या चहावाल्या मावशी ओरडायच्या, "पेंटर, माझं गिलास निळं करू नगंस!"

"मावशी, तुमचा चहाच एवढा पातळ, ब्रशला फरक कळत न्हाई!"

*

दादाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. दादाच्या चुलत्यांनी त्याचा गॉगलवाला फोटो काढून ठेवला होता, खाली शोकाकुल म्हणून चाळीस जणांचे फोटो. माझ्याच्यानं होईना. मी दोन ग्लास काढले, ब्रश चहाच्या ग्लासात. वर फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो नाही, नाव नाही. चौकात लावून टाकला.

चुलते भडकले. "फोटो कुठाय? कोण गेलं, कळणार कसं लोकांस्नी?"

मला रडूच आलं. दादाच्या बोर्डावरही मी हेलिकॉप्टरच काढलं की काय! उतरवायला शिडी लावली.

तेवढ्यात जतची एसटी थांबली. मावशी महिनाभर तिकडं लेकीकडं होत्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. पिशवी घेऊन उतरल्या, वर बघितलं आणि मटकन रस्त्यातच बसल्या.

"आरं, माझा पेंटर कवा गेला रं?"