सोनामायजवळ कोण बसलं?

श्रावणातल्या शुक्रवारी, मधल्या सुट्टीत, आमच्या गावचा धनलाल सायकल हातात धरून, मी शिकवते त्या मुलींच्या शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. तो इथं गोंदियात धानाच्या गिरणीत कामाला असतो आणि गावाकडची बातमी पहिल्यांदा त्याच्याचकडून कळते. मला पाहून त्यानं टोपी काढली. "सोनामाय गेली, बाई. काल दुपारी." माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला, "जवळ कोण होतं?" तो सायकलच्या घंटीवर अंगठा फिरवत राहिला. "कोनी नाई म्हनते... धानाचा रोवना चालू हाय न, सारं गाव बांधीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बिचाऱ्याला मी तिथंच, पोरींच्या देखत, अस्सं झाडलं की तो पाणीही न पिता निघून गेला. आमच्या पाचपन्नास घरांत जिनं कुणाला एकट्यानं मरू दिलं नाही, ती एकटी मेली? पण खरं सांगू का, राग धनलालवर नव्हताच. तिच्याजवळ बसायचा शब्द मी दिला होता. मी! आणि ती जात होती तेव्हा मी गोंदियात बसून वह्या तपासत होते.

गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पलीकडं आमचं गाव. सोनामाय तिथली विधवा, एकटी, ठेक्यानं घेतलेली एक लहानशी धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, आणि दोन शेळ्या एवढाच तिचा पसारा. पण गावात तिची ओळख एका शब्दाची होती... 'बसणारी'. कुणाच्या घरी माणूस शेवटाला लागलं की म्हणायचे, "सोनामायले बसाले बोलवा." ती वैदू नव्हती, सुईण नव्हती, अंगात येणारीही नव्हती. ती फक्त येऊन बसायची. आल्या आल्या आधी रडणाऱ्यांना अंगणात हाकलायची, "रडाचं हाय त तिकडं रडा, त्याले आयकू येते." मग पायांना कोमट तेल, ओल्या फडक्यानं ओठ पुसणं, कूस बदलणं. आणि घरच्यांना एकेकाला जवळ घेऊन ती पुढचं सगळं सांगून ठेवायची: आता हा खाणार नाही, त्याच्या तोंडात कोंबू नका, पाय गार पडतील, श्वास मध्येच थांबेल, पुन्हा येईल, घशात घरघर होईल, त्याला त्रास होत नाही, तुम्हाला ऐकताना होतो. "भेव नाई धराचा. कान सगळ्याच्या मागून जाते. बोलाचं हाय ते बोलून घ्या." एवढं सगळं ती धान कधी कापायचं हे सांगावं तशा आवाजात सांगायची. लोकांना ती हवी असायची आणि तिची भीतीही वाटायची. ती गल्लीत शिरली की धडधाकट म्हातारेसुद्धा खोकला दाबून धरायचे.

मला तर ती मुळीच आवडत नसे. मी शिकलेली, ट्रेनिंग केलेली मास्तरीण. मला वाटायचं हे सगळं अडाणीपण. स्वराज्य आलं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, आजारी पडले. पोटात गाठ होती. गोंदियाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या. मी रजा टाकून गावी आले आणि साऱ्या घराला दम भरला: बांना कुणी काही सांगायचं नाही, तुम्ही बरे होणार एवढंच म्हणायचं. माझं आणि बांचं आधीच बिनसलेलं होतं. सोळाव्या वर्षी मी विधवा होऊन माहेरी आले आणि त्यांच्या मनाविरुद्ध ट्रेनिंगला गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत, पण कामापुरतं. जेवली का, गाडी कधीची, एवढंच. हा माणूस असाच मुका जाणार आणि मी जन्मभर हे ओझं वाहणार, हे मला दिसत होतं, पण तोंड उघडायची हिंमत ना त्यांची ना माझी.

एका सकाळी दारात सोनामाय उभी. माझ्या भावानं मला न विचारता बोलावलं होतं. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "कोणी बोलावलं तुला? अजून जिवंत आहे माझा बाप!" ती शांतपणे म्हणाली, "जिवंत हाय म्हनूनच त आली, पोरी. मेल्यावर माहं का काम?" आणि मला बाजूला सारून आत गेली. तिच्याइतकी फटकळ बाई मी तोवर आरशाशिवाय कुठं पाहिली नव्हती.

आपल्याकडं घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. चुकून 'जातो' निघालं तर आया तोंडावर हात ठेवतात. बा आठ दिवसांपासून मध्येच डोळे उघडून म्हणायचे, "मी जातो..." आणि लगेच सारं घर तुटून पडायचं, "जातो नाई म्हनू, बा! येतो म्हना, येतो!" सगळ्यात मोठा आवाज माझा, मास्तरीण ना मी. बा बिचारे डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवशीही तेच झालं. बा म्हणाले, "मी जातो..." मी तोंड उघडलं, तोच सोनामायनं माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की कळ मस्तकात गेली. ती बांच्या तोंडाशी वाकली. "व्हय पाटील, तुमी जाऊन राहिले. मंग? पुढं बोला."

आठ दिवस आम्ही त्या माणसाचा पहिला शब्दच तोडत होतो. त्याच्यापुढं वाक्य होतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! बांनी तिच्याकडं पाहिलं. जणू कुणीतरी अखेर दार उघडलं. हळूहळू, श्वास घेत घेत म्हणाले, "मी जातो... त पोरीची शाळा पाहाची राह्यली माही. लय मन होतं. कोन्या तोंडानं जाऊ म्हनून गेलो नाई."

दहा वर्षं! दहा वर्षं मी समजत होते की या माणसाला माझ्या शाळेचं नावही नको आहे. मी रडू लागले तर सोनामाय म्हणाली, "रडतेस काऊन? शाळा पाहाची म्हनते न बुढा? आन मंग शाळा." मी म्हटलं, अगं, गोंदियाला कसं नेणार यांना? "त्याले नोको नेऊ. शाळा इथं आन." भावानं गल्लीतली पंधरा-वीस पोरं गोळा करून ओसरीत बसवली, बांची खाट दाराशी आणली, आणि मी पदर खोचून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी शिकवायला उभी राहिले. काय शिकवावं सुचेना, म्हणून पाऊणकीचा पाढा घेतला. पोरं सुरात म्हणू लागली. नवाच्या पाऊणकीशी एकजण अडखळला आणि 'सव्वासात' म्हणाला. मी काही बोलायच्या आत खाटेवरून, मिटल्या डोळ्यांनी, खणखणीत आवाज आला, "पावणेसात!" पोरं दचकली, मग हसली. बासुद्धा हसले. मी त्यांना असं हसताना लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. सोनामाय पायाशी होती, मी उशाशी. श्वास थांबत-येत होता, आणि मला भीती वाटली नाही, कारण ती जसं म्हणाली होती तसंच एकेक होत होतं. मी त्यांच्या कानात शाळेतलं काहीबाही बोलत राहिले.

मग मी तिच्या मागं लागले. सुट्टीत गावी आले की ती जाईल त्या घरी मीही जायची. ती काही देवमाणूस नव्हती हो, तंबाखू खायची, शिव्या घालायची, आणि चुकायचीही. फुलचूरच्या एका हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराला तिनं 'संध्याकाळ पाहणार नाही' म्हणून घरच्यांची तयारी करून दिली. तो उठला तो उठलाच! पुढं चार वर्षं प्रत्येक बाजारात भररस्त्यात हाक मारायचा, "काहे सोनामाय, कब आ रही बैठने?" ती चिडून म्हणायची, "मेल्या, तू त मलेच पोचवशील!" आणि दोघं पोट धरून हसायची. पण एखाद्या घरात ती मरणाऱ्याच्या डोळ्याला डोळा लावून "तुमी जाऊन राहिले, मंग?" म्हणायची आणि तिथून जे बाहेर पडायचं... कुणाला माफी मागायची असायची, कुणाला नुसती आंबील प्यायची असायची, आणि एका म्हातारीला तर नवऱ्याला एकदा मनसोक्त शिवी द्यायची होती. तिनं ती दिली, नवऱ्यानं मान खाली घालून ऐकली. मी इतकी पुस्तकं वाचली, पण माणसाचं एवढं ऐकून घेणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. देवळात गेल्यावर होतं तसं मला तिच्याजवळ होऊ लागलं होतं.

यंदा उन्हाळ्यात ती पार वाळली होती. मी म्हटलं, "तुझ्याजवळ मी बसेन, माय. शब्द देते." ती फस्सकन हसली, "तुह्या शाळेले सुट्टी असंल तवाच मरीन म्हनते." श्रावणात तिचा निरोप आला की अन्न सुटलं आहे. अन्न सुटलं म्हणजे काय, हे तिनंच मला शिकवलं होतं. पण शाळेची तपासणी होती, साहेब यायचे होते... मी कळवलं, रविवारी येते. ती गुरुवारी गेली.

शनिवारी गावात पोचले ती तोंड सोडूनच. तिची शेजारीण तुळसा विहिरीवर होती, आणखी बायकाही होत्या. मी म्हटलं, "लाज नाही वाटत? तुमच्या एकेकीच्या सासू-सासऱ्याजवळ ती बसली, आणि तिच्या वेळेला तुम्हाला रोवणा प्यारा झाला?" तुळसानं घागर खाली ठेवली. "झालं का बोलून? आता आयका, मास्तरीनबाई." आणि तिनं सांगितलं ते असं. बुधवारी सोनामाय म्हणाली, माझ्या बांधीचा रोवणा राहिलाय, तो उद्या घ्या आणि माझी खाट तिथल्या धुऱ्यावर, बांधावर, नेऊन ठेवा. बायकांनी पुष्कळ नाही म्हटलं. ती म्हणाली, "जनमभर मी मरनाऱ्याच्या तोंडाकडं पाहात बसली. माह्या तोंडाकडं कोनी पाहाचं नाई. तुमी आपलं काम करा, मले आवाज आयकू द्या." मग चौघींनी खाट उचलून धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली ठेवली आणि वीस बायका समोरच्या टोकाला बांधीत उतरल्या.

ज्यांनी रोवणा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धान रोवताना बाई पुढं जात नाही. वाकून, हातातले परे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, चिखलात खोचत खोचत ती एकेक पाऊल मागं सरकते. म्हणजे त्या वीसजणींच्या पाठी सोनामायकडं होत्या, तोंडं पलीकडं, गाणं चालू, आणि प्रत्येक ओळीगणिक सगळ्या मिळून तिच्याजवळ सरकत होत्या. सकाळी गाणं दूर होतं, दुपारी अगदी कानाशी आलं. दोन-तीन हात बांधी उरली तेव्हा कंबर भरून आली म्हणून तुळसा उभी राहिली, वळली... "तोंडावर अशी झोपेतली गोडी होती, बाई. कवा गेली, आमाले का मालूम? गानं त थांबलंच नवतं."

मी एवढंच विचारलं, "माझं काही म्हणाली?" तुळसा म्हणाली, "म्हनली न. मास्तरीन येईल, पन उशिरा येईल. तिले बोलू नोका. तिच्या हातात परे द्या."

ती दोन-तीन हातांची पट्टी तशीच होती. गुरुवारनंतर कुणाचा तिथं हात धजला नव्हता. मी लुगडं खोचलं आणि चिखलात उतरले. वीस वर्षांत मी धानाला हात लावला नव्हता. तुळसा शेजारी वाकली. मी सारखी मान वळवून धुऱ्याकडं पाहत होते, तर ती खेकसली, "मागं नोको पाहू, ओळ वाकडी होते!" मग मी पाहिलं नाही. खोचलं, सरकले, खोचलं, सरकले. कधीतरी टाच धुऱ्याला टेकली. हातातले परे संपले होते. मी तशीच चिखलात, धुऱ्याला पाठ लावून बसले आणि लहान पोरीसारखी रडले. तुळसानं रडू दिलं, अंगणात हाकललं नाही. बांधीलाच आम्ही अंगण समजलो असू.

आज त्याला महिना होत आला. गेल्या रविवारी पुन्हा जाऊन आले. धान गुडघाभर झालंय, हिरवंगार, आणि वीसजणींच्या ओळी सुतासारख्या सरळ आहेत. धुऱ्याजवळच्या माझ्या ओळी मात्र दारूड्यासारख्या चालल्या आहेत. मी ओशाळून म्हटलं, "तुळसा, मी बिघडवलंच गं." तिनं वाकून माझं एक रोप मुळाशी चाचपलं, हलवून पाहिलं. ते हललं नाही. "वाकडं लावलं, मास्तरीनबाई," ती म्हणाली, "पन लागलं."