दगड चाटायची माझी पाळी

मंडळी, आज दुपारी मीरा रोडला कॉलेजच्या जुन्या वर्गमित्राकडे, सुधाकरकडे, जेवायला गेलो होतो. आत्ताच नवघरला घरी आलोय आणि डोकं अजून तापलेलंय.

सत्तरच्या दशकात आम्ही पेट्रोलियम जिऑलॉजी शिकत होतो. बॉम्बे हायला तेल लागलं होतं, त्यामुळे प्रत्येकाला तेलातलीच नोकरी हवी होती. दगड ओला केला की त्यातले कण भिंगातून स्पष्ट दिसतात, म्हणून दगडाला सरळ जीभ लावायची आमच्यात पद्धत. वर्गात तेलाच्या विहिरीतून आलेला एकच तुकडा हातोहात फिरायचा. सगळे चाटायचे, कुणाला काही वाटायचं नाही.

मग माझी जात कळली. तेव्हापासून दगड माझ्याकडे सगळ्यात शेवटी यायला लागला. एकदा चुकून मधेच आला, तर माझ्यानंतर सुधाकरने तो नळाखाली साबणाने धुतला.

आज त्यानेच नातवंडांसमोर हसत सांगितलं, "याला आम्ही शेवटी ठेवायचो! हायजिन रे, बाकी काही नाही."

मी ताट सरकवून उठलो.

"रागावलास काय? जुनी गंमत ती!"

म्हणे गंमत! अहो, तेल म्हणजे काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले, कुजलेले जीव. ते मुरलेला दगड यांनी खुशाल चाटला. माझी थुंकी तेवढी चालली नाही.

आता तुम्हीच सांगा, किळस कुणाची यायला हवी?