खुणेपर्यंत

कॉलेजात जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेली माझी ताई आता हौसेने घरी बिअर करते. साठीनिमित्त तिने यंदा चांगली कडक बिअर करायला घेतली. साखर संपत जाईल तशी तिची काचेची मोजनळी नमुन्यात खोल बुडत, नळीवरच्या खुणेपर्यंत जायला हवी. पण तीन आठवडे झाले, तरी नळी खुणेपर्यंत बुडायचं नाव घेत नव्हती. बुडबुडेही थांबले होते.

“यीस्ट मेलं की काय?” मी विचारलं.

“मेलं नाही गं, दमलंय. स्वतःच केलेल्या दारूत त्याला आता जगायचंय.”

तिने पिंप हलकेच हलवून गोधडीत गुंडाळलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. मी मात्र रोज त्याला कान लावायचे. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आतल्या अंधारात उरलेली साखर शोधत असतील, या विचाराने अंगावर काटा यायचा.

रविवारी सकाळी ताईने पुन्हा नमुना काढून नळी सोडली. ती डुलत खाली गेली आणि नेमकी खुणेवर थांबली. ताईने चष्मा काढून डोळे पुसले.

“इतकी वर्षं यीस्टबद्दल फळ्यावर लिहीत आले गं मी,” ती म्हणाली, “आणि मला काहीच माहीत नव्हतं.”