गोठ्यामागची अळंबी

गेल्या श्रावणात मी सासुरवाडीला, मेढ्यात, मरता मरता वाचलो. (मरायचं काही कारण नव्हतं, हे नंतर कळलं.)

सकाळी गोठ्यामागे कुजक्या लाकडांवर पांढऱ्याशुभ्र अळंबीचा हा एवढा घोस दिसला. मी पिशवीभर खुडून आणली.

"पाव्हणं, आमची अळंबी वारुळावर येती," सासूबाई हळूच म्हणाल्या. "गोठ्यामागची आमी कवा खाल्ली न्हाई."

"म्हणूनच एवढी शिल्लक राहिलीय ना, मामी!"

(असली वाक्यं त्या क्षणी फार हुशारीची वाटतात.) मग छत्रीचा आकार, खालचे पापुद्रे, देठाचा रंग यांवर मी अर्धा तास बोललो. सासूबाई पदर सावरत ऐकत होत्या. जावयाला खोटं पाडायची त्या घरात पद्धत नाही.

दुपारी ताटं मांडली. लालभडक रस्सा, वर तर्री. जावयाचा मान म्हणून पहिली वाटी माझी. अडचण एवढीच, की दुसरी कुणाचीच नव्हती.

"मामा, तुम्ही?"

"माझा आज मंगळवार," सासरे म्हणाले.

"पण आज बुधवार आहे."

"व्हय, कालचा ऱ्हायला हुता."

मेव्हण्याची दाढ अचानक दुखायला लागली. बायकोनं दहीभात वाढून घेतला. "दोघांनी एकदम नको खायला," ती म्हणाली. "पोरगी लहान हाय अजून."

आता माघार कशी घेणार? "ही खरी रानची चव! विकतच्याला येते का?" असं म्हणत मी दोन वाट्या संपवल्या. सगळे टक लावून बघत होते. सासरे अधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

पंधराव्या मिनिटाला मला घाम फुटला. विसाव्याला जिभेला मुंग्या आल्या. पंचविसाव्याला मी बायकोला माझ्या मोबाईलचा पासवर्ड सांगितला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. खरंच भ्यालो होतो. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. सासूबाई काहीतरी सांगू बघत होत्या, पण माझ्या कण्हण्यापुढे त्यांचं कुणाला ऐकू जाईना. मेव्हण्यानं (दाढ विसरून) जीप काढली आणि सगळं घर दवाखान्यात पोचलं.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी नाडी धरत विचारलं.

"रानातली अळंबी," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"न्हाई ओ डाक्टर," मागून सासूबाई म्हणाल्या. "ती मी सकाळीच उकिरड्यावर टाकली. पाव्हण्यांचं मन मोडू नये म्हणून सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला हुता."

"मामी, मग जेवताना बोलला का नाहीत?"

"तुमी चवीचं येवढं कवतिक करत हुता, मग कसं बोलायचं?"

जिभेच्या मुंग्या तिथल्या तिथे गेल्या. डॉक्टरांनी हसू दाबत केसपेपर पुढे ओढला आणि व्यवसाय विचारला. मी "शेती" म्हणणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "सांगलीला शाळेत जीवशास्त्र शिकवत्यात."