व्हर्नन क्लुगेच्या मुलीची निवड

व्हर्नन क्लुगे तीस वर्षं आमचा शेजारी. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या छोट्या गावात तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. माणूस सज्जन, पण बास्केटबॉलचा विषय निघाला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. तरुणपणी कॉलेजच्या संघात त्याची निवड होता होता राहिली होती आणि ती का राहिली, हे तो दर वेळी वेगळं सांगायचा. कधी गुडघा, कधी कोच, एकदा तर बर्फ.

त्याला एकच मुलगी, ग्रेटा. आठवीतच ती सहा फुटांची झाली आणि व्हर्ननने गॅरेजवर बास्केट ठोकली. रोज शाळेआधी शंभर नेम मारायचे, असा नियम झाला. पोर मुकाट्याने मारायची. त्यातले निम्मे आमच्या टोमॅटोंवर बसायचे. दोन उन्हाळ्यांनंतर माझ्या बायकोने टोमॅटो लावणंच सोडून दिलं. शाळेच्या संघात ग्रेटाला उंचीमुळे घेतलं, पण मैदानात क्वचितच उतरवलं. व्हर्नन म्हणायचा, कोच तिला जपून ठेवतोय.

ग्रेटाचा जीव होता भलतीकडेच. तिची मावशी लोईस गावात बॉलिंगचा, म्हणजे जड चेंडू घरंगळवून लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाचा, हॉल चालवायची. शनिवारी ग्रेटा तिथे खेळणाऱ्यांना द्यायचे भाड्याचे बूट पुसायला जायची आणि काम आटोपलं की खेळायची. दोनेक वर्षांत अशी वेळ आली, की गावातले जुने खेळाडू तिच्याशी पैज लावेनासे झाले. व्हर्ननच्या लेखी मात्र बॉलिंग म्हणजे एका हातात बिअर धरून करायची करमणूक. त्याला खेळ म्हणायला तो तयार नव्हता.

ग्रेटा बारावीत असताना, ऐन पानगळीत, एका कॉलेजातून फोन आला. पामेला ट्रास्क नावाच्या कोचबाईंना संघात घेण्याआधी मुलीला आणि घरच्यांना भेटायला यायचं होतं. केव्हाही या, असं व्हर्ननने सांगून टाकलं. कोणत्या खेळाच्या कोच, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही. ग्रेटाने त्या आठवड्यात तीनदा त्याला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्याने तिला सांगितलं, की आधी पाठ सरळ ठेव.

त्याची बायको आयोन हिने मांस भाजलं, बटाटे कुस्करले, चेरी भरून 'पाय' नावाचा गोड पदार्थ केला. आम्हा दोघांनाही जेवायला बोलावलं होतं, बहुधा साक्षीदार म्हणून. व्हर्ननने टाय लावला होता. कोचबाई बुटक्या आणि शांत होत्या, जेवत मात्र मनापासून होत्या. व्हर्ननने त्यांना आयोनच्या माहेरच्या सगळ्यांच्या उंच्या सांगितल्या, वारलेल्यांसकट.

"उंचीचं एवढं काही नाही हो," कोचबाई म्हणाल्या. "मला तिचं मनगट आवडलं. चेंडू सोडताना जरासुद्धा डगमगत नाही. तिच्या मावशीने व्हिडिओ पाठवला होता."

"कुठला चेंडू?" व्हर्ननने विचारलं.

"बॉलिंगचा. मी बॉलिंगची कोच आहे."

व्हर्ननने काटा खाली ठेवला. आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बटाट्यांकडे पाहत होतो. कॉलेजात बॉलिंग असतं का, असं त्याने हळूच विचारलं. असतं, आणि त्यासाठी मुलींना शिष्यवृत्तीही मिळते, असं बाईंनी सांगितलं.

तेवढ्यात ग्रेटाने तोंड उघडलं. "मला नर्सिंग करायचंय. दुसऱ्या एका कोचनी सांगितलं, लॅब आड येत असेल तर विषय बदल. तुमच्याकडे सराव आणि लॅब एकाच वेळी आले तर?"

"लॅबला जायचं," बाई म्हणाल्या. "सराव नंतर. हॉलची किल्ली मी देईन. पण मार्क घसरले तर सामन्यात बाकावर बसशील, तिथे मी कुठलीही सबब ऐकणार नाही."

दुसरं एक कॉलेजही विचारत होतं, हे व्हर्ननला तेव्हा कळलं. ताटातला चेरीचा 'पाय' त्याने तसाच सोडला.

दोन दिवसांनी तो कुंपणापाशी आला.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं, व्हर्नन."

"म्हणजे मलाही माहीत होतं," तो म्हणाला.

त्या शनिवारी त्याने लोईसकडे भाड्याचे बूट घेतले. पहिले चारही चेंडू एकही खुंटी न पाडता कडेच्या खाचेत गेले. ग्रेटा त्याच्या मागे उभी होती. "बाबा, जरा दमाने," ती म्हणाली. "बसचं चाक बसवायचं नाहीये."

ग्रेटा ट्रास्कबाईंच्या कॉलेजात गेली. पहिल्याच वर्षी लागोपाठ तीन स्पर्धा आल्या आणि ती शरीररचनेच्या परीक्षेत नापास झाली. फोनवर रडली. आयुष्यात कुणालाही सामना सोड म्हणून न सांगणारा व्हर्नन चार तास गाडी हाकत कॉलेजात पोचला आणि मुलीला आता खेळवू नका म्हणून सांगायला कोचबाईंसमोर उभा राहिला. बाई म्हणाल्या, की पुढच्या स्पर्धेतून तिला मी कालच वगळलंय, ती वाचनालयात आहे. पण व्हर्ननने वाटेत मोठं भाषण तयार केलं होतं. ते त्याने संपूर्ण केलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग तो दुपारभर मुलीसमोर बसून कार्डांवरून हाडांची नावं विचारत राहिला. एकही नाव त्याला नीट उच्चारता येईना. ग्रेटा हसत सुटली आणि ग्रंथपालाने दोघांना दोनदा गप्प केलं. फेरपरीक्षेत ती पास झाली. तिच्याविना संघ पाचवा आला.

तीन वर्षं ती खेळली. व्हर्ननने एकही स्पर्धा चुकवली नाही. शेवटच्या वर्षी रुग्णालयातल्या नर्सिंगच्या कामाच्या पाळ्या सुरू झाल्या, तसं तिने खेळणं थांबवलं आणि तसं फोनवर कळवलं. बरोबर केलंस, असं व्हर्नन तिला म्हणाला. मग तळघरात काहीतरी दुरुस्त करायला गेला. तासाभराने वर आला तेव्हा आयोनने विचारलं, काय दुरुस्त केलं? त्याने स्वच्छच असलेले हात फडक्याला पुसले.