फ्रीजरमधली क्रँकपिन

बर्फासाठी फ्रीजर उघडला, तर मटारच्या पिशवीला टेकून अंगठ्याएवढी एक पोलादी कांडी पडली होती.

आमचे हे शाळेतून निवृत्त झाल्यापासून कॉलेजातली टू-स्ट्रोक डर्टबाइक पुन्हा उभी करत होते. इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा, त्यांनी सुटा केला होता.

"क्रँकपिन आहे ती," ते म्हणाले. "गारठ्यानं आकसते. शाफ्टची चकती तापवली की तिचं भोक मोठं होतं. मग दाबली की पिन आत बसते."

"आणि चकती कुठे आहे?"

"ओव्हनमध्ये. तुझी नानकटाई जरा थांबव."

पिन बसली, पण शाफ्ट किंचित डुलत फिरत होता. हे तांब्याच्या हातोडीने एक टोला द्यायचे, गेजचा काटा बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा टोला द्यायचे. केसाहून बारीक फरकासाठी तीन दिवस गेले. दिवाणखान्यातला माझ्या आईचा फोटो मात्र चौदा वर्षं तिरका आहे. माणसाकडे काटेकोरपणा मोजकाच असतो, आणि तो कशावर खर्च होणार, हे लग्न ठरवताना कुणी सांगत नाही.

चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली. अंगण धुराने भरलं. ह्यांचा चेहरा इतका उजळलेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

"कोपऱ्यापर्यंत येतेस?" त्यांनी विचारलं.

सीट एकाचीच होती. मी पदर खोचून बसले.

"अहो, या वयात कुठे निघालात?" शेजारच्या काकूंनी खोकत विचारलं.

"कुठे नाही," मी म्हटलं. "अजून नीट फिरतंय का, ते बघतोय."